दस्तगीरच्या होडीचा भाव

आमच्या पोस्टवर दर रविवारी एक कोटी रुपयांची सोडत निघायची. पोस्ट उत्तर सीमेवर, पंधरा हजार फुटांच्या वर. माणसं आठ. मी हवालदार, पोस्ट कमांडर. चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये टाकायच्या, आमच्या कुकनं डोळे मिटून एक उचलायची. ज्याचं नाव निघेल तो त्या आठवड्याचा करोडपती. त्यानं सगळे पैसे बोलून खर्च करायचे. बाकीच्यांपैकी कुणीतरी दुकानदार व्हायचं आणि भाव सांगायचा. बँकेत ठेवतो म्हणणारा बाद. पैसे संपले की खेळ संपला, उठायचं आणि पाण्यासाठी बर्फ वितळवायला लागायचं.

हे मी मुद्दाम सांगतोय. मध्यंतरी साताऱ्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. पाहुण्यांनी भाषण ठोकलं, की जवानाला पैशाचा मोह नसतो, त्याला फक्त देश दिसतो. मी मेढ्याकडचा, जावळीतला, तोंडानं फटकळ. उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मोह नसायला आमी काय दगड हाय व्हय? लॉटरी लागली तर काय करायचं, यावर आमी तासन् तास बोललोय." लोक हसले. पाहुणे म्हणाले, मेजर विनोदी आहेत. आमच्याकडं प्रत्येक फौजी मेजरच असतो, ते सोडा. पण मी विनोद केला नव्हता.

काय काय घेतलं नाही आम्ही! नामदेव आमच्याच तालुक्यातला. त्याचा बाप पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या पेट्या उचलायचा. नामदेव म्हणायचा, "पोरगीला तिथल्या बोर्डिंगात घालणार. आन् सोडायला मी लुंगीवर जाणार. बघू कोण मायचा लाल अडवतोय." कुकला दुसरा कुक ठेवायचा होता, त्याच्या भाजीत रोज मीठ कमी आहे म्हणून ओरडायला. मी माझ्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता करणार होतो आणि उद्घाटनाला एकही पुढारी बोलावणार नव्हतो.

आणि सिपाही दस्तगीर. सांगलीचा. वडील हळदीचे छोटे व्यापारी, घर कृष्णेच्या काठाजवळच्या गल्लीत. या पठ्ठ्याचं नाव निघालं की सगळे कपाळाला हात लावायचे. कारण त्याचे कोटी रुपये संपायचेच नाहीत. साधी मोटारसायकल घ्यायची तर अर्धा तास घासाघीस. नामदेव वैतागायचा. "आरं गड्या, खोटा पैसा हाय. टाक की!"

"पैसा खोटा आसंल. भाव खरा पायजे," दस्तगीर म्हणायचा.

त्याच्या यादीत शेवटी कायम एक होडी असायची. इंजिनाची, फायबरची. महापुरात त्यांच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा घरची माणसं गच्चीवर बसून होती आणि होडी दुसऱ्या दिवशी आली. "आमच्या गल्लीला पुन्ना कुणाच्या होडीची वाट बघायला लागू नये," एवढंच म्हणायचा. पण तिथपर्यंत खेळ पोचायचाच नाही, जेवणाची वेळ व्हायची.

त्या दिवशी दस्तगीर आणि नामदेव खालच्या ओपीवर, म्हणजे पुढच्या टेहळणी चौकीवर होते. आमच्यापासून उतारावर, डोळ्यांना दिसणारी जागा. सकाळी सव्वानऊला वरून बर्फ सुटलं. आवाज झाला, मग पांढरा धूर, मग काही दिसेना. वाराही सुरू झाला. मी वायरलेस सेट उचलला.

"दस्तगीर, हवालदार बोलतोय. हाल सांग. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला.

"चौकीत गाडलोय, साब. पाय लाकडाखाली हायत. सेट हातात हाय. नामदेव भायेर होता, त्याचं फावडं ऐकू येतंय. ओव्हर."

"थंडी वाजतीय?"

"मगाशी वाजत हुती. आता न्हाई. झोप येतीया. ओव्हर."

थंडी वाजायची थांबली, की ती झोप वाईट. त्यातून माणूस उठत नाही. मी माणसं दोरीला बांधून तयार ठेवली आणि दुसऱ्या सेटवर कंपनी कमांडरकडं निघायची परवानगी मागितली.

"निगेटिव्ह. उतार अजून सुटतोय. वेट."

पुन्हा मागितली. पुन्हा निगेटिव्ह. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "साहेब, माझा माणूस अजून बोलतोय."

"त्याच्यासाठी आणखी पाच गाडून घेऊ? वेट, हवालदार."

ते बरोबर होते. तरी मला राग आला. आजही येतो.

मग मी पुन्हा दस्तगीरच्या सेटवर आलो. नामदेव आवाजाच्या रोखानं खणत होता. दस्तगीर गप्प झाला असता तर त्याला कुठं खणायचं तेच कळलं नसतं. झोप आली असती ती वेगळीच. त्याला बोलतं ठेवायचं होतं, आणि तो कशावर बोलतो ते मला ठाऊक होतं.

"दस्तगीर, आज सोडत तुझी निघाली. कोटी रुपये. काय घेणार? ओव्हर."

खरखर. मग हळूच, "चेष्टा करताय, साब."

"चेष्टा न्हाई. हुकूम हाय. मोठ्यानं बोल. काय घेणार?"

"होडी."

"अडीच लाख."

"अडीच?" त्याचा आवाज चढला. शपथेवर सांगतो, चढला. "लुटायला बसलाय व्हय? सव्वा देतो."

"सव्वात वल्ही मिळत्यात. इंजिन न्हाई."

"इंजिन कुठल्या कंपनीचं? जुनं न्हाई न्हवं?"

मी आयुष्यात होडी विकली नाही. मला पोहता येत नाही. पण मी फायबरची जाडी सांगितली, रंग सांगितला, सीटा किती ते सांगितलं. तो प्रत्येक गोष्टीत खोट काढत होता. मी सव्वादोनवर आलो, तो सव्वालाच चिकटून. मी दोनावर आलो. मागं दोरीला बांधलेली माणसं ऐकत उभी होती. कुक ओरडला, "दस्तगीर, सोडू नको रं त्यास्नी!"

"कुक काय म्हंतोय?" दस्तगीरनं विचारलं.

"म्हंतोय, तू लय कंजूष हायस."

तो हसला. हसू सेटवरून आलं, तुटक तुटक. मग म्हणाला, "साब, फावडं जवळ आलंय. दोन लय हुत्यात. बघा काईतरी."

"पावणेदोन. शेवटचं."

उत्तर नाही.

"दस्तगीर, पावणेदोन. बोल. ओव्हर."

खरखर.

"आरं, दीड! दीडला दिली, घे! दस्तगीर, दीडला दिली! ओव्हर!"

मी ते किती वेळा ओरडलो माहीत नाही. शेवटी सेटवर दम लागलेला आवाज आला, पण नामदेवचा.

"नामदेव बोलतोय. पोचलो, साब. दस्तगीर गेला. ओव्हर."

दुपारी उतार मोकळा झाल्यावर आम्ही त्याला वर आणलं. नामदेवच्या हाताची कातडी फावड्याच्या दांड्याला चिकटली होती. मी त्या दिवशी रडलो, सगळ्यांसमोर.

रजा मिळाल्यावर सांगलीला गेलो. दस्तगीरचे वडील दुकानात बसले होते. मी त्यांना चाचा म्हणालो. त्यांनी चहा मागवला, आणि मग विचारलं, "शेवटी काय बोलला? लोकं म्हंत्यात, देशाचं नाव घेतलं. खरं सांगा."

"न्हाई, चाचा. होडीचा भाव करत हुता."

मी सगळं सांगितलं. सोडत, अडीच, सव्वा, सगळं. मनात जे टोचत होतं तेही. "मी शेवटी दीडला दिली, चाचा. पण ते त्याला ऐकू गेलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई."

म्हातारा खाली बघत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं नाही. मग मान वर केली आणि माझ्यावर जवळजवळ ओरडलाच.

"आवं, ऐकू गेलं नसंल कसं? व्यापाऱ्याचं पोर हाय ते! गिऱ्हाईक गप बसलं म्हंजे भाव पटला न्हाई. दीडला हो म्हनला न्हाई माजा दस्तगीर. तुमी अजून उतरला असता."

"कितीवर, चाचा?"

"सव्वावर."

"मग सव्वाला दिली."

"तुमची होडी कुठं हाय द्यायला?" चाचा म्हणाले. "आन् लॉटरी लागायची वाट कोन बघतंय? गेली उडत. होडी मी करून घेतो. त्याच्या भावात."

साताऱ्याच्या पाहुण्यांना मला हेच सांगायचं होतं. माईक कुणी दिला नाही.

काल सांगलीहून फोन आला. चाचांचा आवाज अगदी हळू, समोर माणूस बसला असणार.

"मेजर, कारागीर दोनावरनं दीडवर आलाय. मी गप बसलोय."