दोन ग्लास संत्र्याचा रस

ट्यूबमधला पिवळा रंग इतका गडद आला की मी आधी तपासणीच्या औषधावर संशय घेतला. मग पिपेटवर. स्वतःवर मात्र घेतला नाही. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवीच होते. लॅब टेक्निशियनचा कोट अंगात आला होता, अक्कल अजून शिवायला टाकलेली होती.

मलकापूरच्या आमच्या दवाखान्यात ब्लड युरिया तेव्हा हातानेच करायचो. युरिया म्हणजे किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायचा कचरा. रंग जितका गडद, तितका तो रक्तात साचलेला.

रक्त शालिग्रामभाऊंचं होतं. आदल्या दिवशी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी त्यांच्या पायांवर कोसळल्या. दोन तास पाय दबलेले. हाड मोडलं नव्हतं, युरिया नॉर्मल. मी वॉर्डात जाऊन त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, कोणी न विचारता सांगितलं, "रिपोर्ट झकास आहे. संत्र्याचा रस पाजा, रोज दोन ग्लास."

आणि आज आकडा दुपटीवर. माणूस तर खाटेवर बसून गप्पा मारत होता. मी नर्सकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं, त्याच औषधाने तपासलं. माझं नॉर्मल आलं. पंचाईत झाली.

डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट पाहून नर्सला विचारलं, "लघवी किती?"

"सकाळपासून अर्धा कप. काळ्या चहासारखी."

"चेंगरलेल्या स्नायूंचा गाळ किडनीत अडकलाय. पाणी मोजून द्या. फळं, रस बंद. त्यातलं पोटॅशियम बाहेर पडलं नाही तर हृदय थांबेल."

"पण सर, काल नॉर्मल होतं," मी म्हणाले.

"कचरा साचायला वेळ लागतो, बाई. कालच्या रक्ताला अपघाताचा पत्ताच नव्हता."

मी वॉर्डाकडे पळाले. गोदाबाई नवऱ्याच्या तोंडाला ग्लास लावतच होत्या. मी तो हिसकावला.

"काऊन वं बाई? काल तूच म्हनली ना, पाज म्हनून?"

"काल मी चुकले."

"मले काय झालं?" शालिग्रामभाऊ म्हणाले. "मी त् चांगला बोलून राह्यलो."

"अन् ह्या रसाचं काय करू? चार संत्रे पिळले मी."

मीच उभ्याउभ्या पिऊन टाकला. माझी किडनी ठीक असल्याचा रिपोर्ट तासाभरापूर्वीच आला होता.

पुढे रोज रक्त घेतलं. आकडा चढत होता. मी तो वहीत मांडायचे आणि उद्याचा किती येईल ते ओळखून पाहायचे. गोदाबाई लॅबच्या दारात उभ्या राहायच्या. त्यांना मी आकडा सांगायचे, अर्थ सांगत नसे.

नवव्या दिवशी लघवी सुटली. त्यानंतर दोन दिवसांनी ट्यूबमधला रंग फिकटला.

"आता पाजू का रस?" गोदाबाईंनी विचारलं.

"साहेबांना विचारा," मी म्हणाले.

नोकरीतलं माझं ते पहिलं शहाणं वाक्य.