गवराबाईंचे झिंगे आणि कळसाडीचा हौद

गवराबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहते. शहाद्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. खोली देताना गवराबाईंनी दोनच अटी घातल्या होत्या. वर अंडं शिजणार नाही, आणि कांदा चिरायचा तर खिडकी लावून चिरायचा. मी तळोद्याच्या वरच्या डोंगरातली. आमच्याकडे नदीचे झिंगे वाळवून चटणी करतात. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही, कारण त्यांच्या घरात झिंगे पाहुण्यांसारखे राहत होते.

गवराबाईंचं वय बहात्तर. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. सतराव्या वर्षी लग्न होऊन शहाद्यात आल्या आणि आता कुठल्याही शेजारणीपेक्षा चोख अहिराणी बोलतात. कांतीलालशेठ जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा महावीर भांड्यांचं दुकान बघतो. त्याची मुलगी हीना जूनमध्ये सुरतला शिकायला गेली आणि जाताना फूटभर लांबीची काचेची टाकी आणि तिच्यातले बारा लाल झिंगे आजीच्या हवाली करून गेली. हे झिंगे नखाएवढे असतात. खायचे नसतात, बघायचे असतात.

गवराबाईंनी ते धर्माप्रमाणे सांभाळले. झिंग्यांना सूर्यास्तानंतर दाणा मिळत नसे. चातुर्मास लागल्यावर घरातली पालेभाजी बंद झाली, तेव्हा त्यांचाही पालक बंद होऊन उकडलेला दुधी सुरू झाला. संवत्सरीला त्यांना निर्जळा सोडून बाकी सगळा उपास घडला. झिंग्यांनी कशाबद्दलच तक्रार केली नाही, म्हणून गवराबाईंचं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं.

पाण्याबाबत या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. घरातलं पाणी त्या दुहेरी फडक्यातून गाळतात. ते तर बरेच जण करतात. पण फडक्यात अडकलेला जीव नालीत जाऊ द्यायचा नाही, तो ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात परत सोडायचा, हा नेम त्यांनी पंचावन्न वर्षं पाळला. पूर्वी आड होता तेव्हा सोपं होतं. नळ आला आणि पंचाईत झाली. नळात परत सोडायचं कसं? त्यांनी चौकशी केली, नळाचं पाणी तापीचं निघालं आणि दर अमावास्येला महावीरच्या गाडीतून एक बरणी प्रकाशा गावी तापीवर जाऊ लागली. महावीर त्या विषयावर बोलत नाही.

श्रावणात हीनानं फोनवर सांगितलं, टाकीत थोडी हिरवी वनस्पती हवी. गवराबाईंच्या घरची कळसाडीला शेती आहे आणि शेतात सिमेंटचा हौद आहे. त्यातून त्यांनी बरणीभर पाणवेल आणवली. आठ-दहा दिवसांनी झिंगे बाराचे नऊ झाले.

मला खाली बोलावणं आलं. पाहिलं तर पाणवेलीवर टाचणीच्या अळ्या. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. अंडी पाणवेलीच्या देठात घालते. अळी पाण्यात वाढते आणि जबडा फेकून जे हाती लागेल ते खाते. मी हे सगळं वर्गात सांगते तसं सांगितलं. फोनवर हीनाचा उपाय सोपा होता: चिमट्यानं काढ आणि चिरडून टाक. गवराबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुधीचा भाव सांगितला.

फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "जो जीव ज्या पानीमातून उना, त्याले त्याच पानीमा सोडानं."

म्हणजे कळसाडी. दर शनिवारी दुपारी माझ्या स्कूटीवर मागे गवराबाई, त्यांच्या मांडीवर बरणी, बरणीत अळ्या. खड्डा आला की त्या अळ्यांना सांभाळायच्या, स्वतःला नाही. पेट्रोल आणि कंबर माझी. मी चिडत होते, हे लपवत नाही. तरी जात होते, कारण पहिल्याच फेरीत त्यांनी मला खरं कारण सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात हीना रोज फोन करायची. मग एक दिवसाआड. आता फक्त रविवारी, आणि पहिला प्रश्न एकच: किती शेतस, म्हणजे किती आहेत? आकडा सांगितला की ती झिंग्यांचं विचारते, मग आजीच्या गुडघ्यांचं, मग घरचं. गवराबाई मागे बसून म्हणाल्या, "झिंगा सरनात का फोन बी सरना, मॅडम." झिंगे संपले की फोनही संपेल, अशी त्यांना भीती वाटत होती आणि त्यांनी ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगितली. त्यानंतर मला नाही म्हणता येईना.

चार शनिवार झाले. झिंगे सहावर आले, अळ्या काही हटेनात. चौथ्या फेरीला मी हौदावर उभी असताना पाहिलं, गवराबाईंनी अळ्या सोडल्या, बरणी विसळली आणि तिच्यात ताजी पाणवेल खोचली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, भरून आणलेलं भांडं रिकामं परत नेऊ नये. दर शनिवारी आम्ही अळ्या पोचवत होतो आणि दर शनिवारी अंडी घेऊन येत होतो. पाणवेल मी तिथेच काढून टाकली आणि रिवाजासाठी बरणीत दोन लिंबं टाकली.

इथे माझा मोठा विजय झाला, असं मला वाटलं. मोठ्या अळ्या दिसेनाशा झाल्या. गवराबाई तरी रोज सकाळी बारीक फडक्यानं टाकी गाळत आणि काहीतरी सापडतच असे: पारदर्शक, शेपटीवालं, पायवालं, तिळाएवढं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी लांबूनच बघून सांगितलं, अळ्या लहान होत चालल्या म्हणजे संपत आल्या. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आहे. बरणी उजेडात धरून बघायला मला काय धाड भरली होती कोण जाणे.

अळ्या संपल्या तरी झिंगे कमी होतच राहिले. पाच, तीन, एक. उरलेले म्हातारे होते, त्यांचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं. त्यांच्यामागे नवी पिल्लं का येत नाहीत, हे कोडं मी दोन वेळा बोलूनही दाखवलं. आश्विनातल्या एका शुक्रवारी शेवटची मादी तळाशी पडलेली सापडली. गवराबाईंनी त्या दिवशी दुपारचं जेवण केलं नाही. फडक्यात सात-आठ "अळ्या" होत्या, त्या मात्र शनिवारी नेमानं बरणीत भरल्या.

कळसाडीच्या शेतावर दिवलीबाई राहते. धडगावकडची, कापूस वेचायला आली आणि राखण करायला राहिली. आम्ही हौदाशी गेलो तेव्हा ती कपडे धूत होती. तिनं आमच्या बरणीकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हौदमा लाल झिंगा कोनी सोडात?"

मी वाकून पाहिलं. शेवाळ धरलेल्या भिंतीवर, जिथे ऊन पडलं होतं तिथे, लाल झिंगे चरत होते. नखाएवढे, अर्ध्या नखाएवढे आणि तिळाएवढे. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ती बरणी उजेडात धरली. आत आठ पिल्लं होती. झिंग्यांची.

मी गवराबाईंना सगळं सांगितलं. टाकीत पिल्लं होत होती, त्या गाळत होत्या, आणि मी स्कूटीवरून नेत होते. अळ्यांनी खाल्ले त्याहून जास्त आम्ही दोघींनी मिळून घराबाहेर काढले. दिवलीबाईनं मधेच सांगितलं, तिनं एकदा ओंजळभर काढून पाहिले होते, पण त्यांच्याशी भाकरीचा एक घाससुद्धा संपला नसता म्हणून सोडून दिले. गवराबाईंनी तिला ते कधीही न खाण्याची शपथ घातली. दिवलीबाईनं ती हसत घेतली, पण घेतली.

परतीच्या वाटेवर खड्डा आला तरी त्या बरणी सांभाळत नव्हत्या. आठ पिल्लं तरी परत आणू, असं मी म्हटलं होतं. पण सोडलेला किंवा सोडायला आणलेला जीव पुन्हा धरायचा नाही, म्हणून तीही हौदात गेली होती. बरणीत लिंबं होती.

रविवारी मी मुद्दाम खाली जाऊन बसले. गवराबाई खोटं बोलत नाहीत आणि मला वाटत होतं, आज त्यांनी बोलावं. फोन आला.

"दादी, किती शेतस?"

"घरमा एक बी नही ऱ्हायना," गवराबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाणवेल, बरणी, फडकं, स्कूटी सगळं सांगितलं, माझं एम.एस्सी.सुद्धा. मग हीना इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मंग हौदमा किती शेतस?"

गवराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मोजनं पडी," त्या म्हणाल्या.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही गेलो. हौदाच्या एका कोपऱ्यात त्यांनी बोट दाखवत मोजले आणि मी लिहिले. पूर्ण हौदाचा अंदाज यायला तेवढं पुरेसं होतं, आणि अंदाज मी त्यांना तिथेच सांगितला. बुधवारी संध्याकाळी, रविवार चार दिवस लांब असताना, फोन वाजला. हीना विचारत होती, झाले का मोजून?

"आजून मोजी ऱ्हायनी, बेटा," गवराबाई म्हणाल्या.

याला खोटं म्हणता येणार नाही. झिंगे हलत असतात.