रिकामा तवा

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या जुन्या घरांतून इमामसाब कल्हईवाले ठाऊक नाहीत असं घर शोधावं लागेल. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, लग्नातले मोठे डेग, सगळं कधी ना कधी त्यांच्या भट्टीवरून चकाकून गेलेलं. पुढे घरोघर स्टील आलं आणि इमामसाबांचा भाता सणावारापुरता हलू लागला. त्याची कुरकुर त्यांनी कधी केली नाही. कुरकुर करणं हे काम त्यांनी आपल्या बायकोवर, हुस्नाबीवर, सोपवलं होतं आणि ती ते मनापासून करी.

धंद्यात एक गोष्ट मात्र कायमची गेली, ती म्हणजे नाक. कल्हई करताना उठणारा नवसागराचा धूर जन्मभर घेऊन त्यांना वास येईनासा झाला. हुस्नाबी होती तोवर त्यानं काही अडलं नाही. दूध लागलं, गॅस उघडा राहिला, भात करपला, हे ती आतल्या खोलीतून ओरडून सांगे. ते उठत आणि बंद करत.

थंडी सरता सरता हुस्नाबी गेली.

इमामसाब रडले नाहीत. कब्रस्तानातून आले, हातपाय धुतले आणि पिंजऱ्यातल्या वाटीत पाणी घातलं. पिंजऱ्यात हुस्नाबीची पिस्ता होती, लव्हबर्डची हिरवी मादी, कपाळावर पिवळा ठिपका. रंगावरून हुस्नाबीनंच ते नाव ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या. इमामसाब ऐकून घेत. आत काही अडकलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. सकाळी उठत, चहा करत, पाखराला राळे घालत, नमाजला जात. संध्याकाळ झाली की संध्याकाळ झाली एवढंच त्यांना कळे.

चाळिसाव्याला त्यांची एकुलती लेक शमशाद टेंभुर्णीहून आली. तिच्या नवऱ्याचं, अतीकचं, हायवेला टायरचं दुकान आहे, घर ऐसपैस आहे. तिनं वडिलांची पिशवी भरायला घेतली. इमामसाबांनी भरलेले कपडे एकेक करून परत खुंटीला लावले. भांडण झालं नाही. त्या घरात मोठ्यानं भांडणारी होती ती गेलीच होती.

शेवटी शमशादनं अट घातली. "अब्बा, पिस्ताला मी रोज संध्याकाळी फोनवर बघणार. ती बरी दिसली तर तुम्ही बरे आहात असं समजेन. तिला काही झालं, तर अतीक गाडी घेऊन येतील. मग नक्को म्हणायचं नाही."

"हौ," इमामसाब म्हणाले.

त्यांना जायचं नव्हतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. अंगणात भट्टीचा खड्डा होता, आत हुस्नाबीची पाठ टेकून टेकून काळी झालेली भिंत होती, एवढंच होतं.

अब्बांच्या हातून लोखंडी तव्यावर अंडं नेहमी चिकटतं, हे पाहून शमशादनं जाताना नॉनस्टिक तवा आणून दिला आणि तो कसा वापरायचा ते समजावलं. लोखंडी उलथणं लावायचं नाही. काथ्यानं किंवा तारेच्या घासणीनं घासायचा नाही. रिकामा तापवायचा नाही. थेंबभर तेल घालून मग मंद गॅस.

इमामसाबांनी आंब्याच्या फळीचं उलथणं घडवलं. तवा निवल्याशिवाय त्यावर पाणी घालत नसत, मऊ फडक्यानं धूत, आणि वर दुसरं भांडं घासू नये म्हणून मध्ये जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा घालून ठेवत. मिक्सरचंही तसंच. शेंगांची चटणी थांबत थांबत फिरवायची, खालचा भाग तापला की बंद करायचा, भांड्याचं रबर काढून धुवायचं, पुसूनच परत बसवायचं. हत्यार राखायची सवय हाताला होती. मन लागतं तिथं हात चालतातच असं नाही, पण त्यांचे हात मनाविनाही चालत.

शेजारच्या चिमाबाईला याचं भारी हसू येई. "इमामभाई, आमी बायका पण एवढं जपत न्हाय. रातच्याला त्या तव्याला पांघरून घालताय की काय?"

"घालतो की," इमामसाब टॉवेलचा तुकडा दाखवत म्हणाले. चिमाबाई हसली. हसावं असं काही आपण बोललो, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

रोज संध्याकाळी फोन वाजे. इमामसाब तो पिंजऱ्यासमोर धरत. पिस्ता मान वाकडी करून पडद्याकडे बघे, शमशाद तिच्याशी बोले आणि मग एकदा वडिलांना विचारे, जेवलात का. असे दिवस गेले.

उन्हाळा तापला. सोलापूरचं ऊन दुपारी दारं-खिडक्या लावूनच काढावं लागतं. इमामसाबांनी खिडकीला ओली चादर लावली आणि गॅलरीतला पिंजरा उचलून स्वयंपाकघरात माठाजवळच्या गार कोपऱ्यात टांगला.

त्याच सुमाराला तव्यावर अंडं चिकटू लागलं. त्यांनी तवा उजेडात धरून पाहिला. ओरखडा नव्हता, पापुद्रा गेलेला नव्हता. मग चिकटतं कशानं? रोजच्या तेलाचा चिकट थर त्यावर बसत गेला होता, पण तो डोळ्यांना दिसत नव्हता. त्यांना जे सुचलं ते त्यांच्या धंद्याचं होतं. कल्हईवाल्याचा पहिला धडा हाच, की भांडं आधी रिकामं, पुरतं तापवायचं. थंड भांड्यावर कल्हईचं कथिल धरत नाही. हे त्यांना वडिलांनी भाता ओढता ओढता शिकवलं होतं, आणि ते हातात असं मुरलं होतं की लेकीचं सांगणं त्याच्यापुढे वरवरचं वाटलं. तव्याचंही तेच असणार. कमी तापतोय म्हणून अंडं चिकटतंय.

त्या दुपारी त्यांनी गॅस मोठा केला, रिकामा तवा वर ठेवला आणि भट्टीपुढे बसत तसे स्टूल घेऊन समोर बसले. भांडं तयार झालं की त्याचा रंग बदलतो, तो बघायचा होता. तव्यावरून पुसट धूर उठला. वास त्यांना येणार नव्हता. खोकला आला, तो तर जन्माचा सोबती.

मागे पिंजऱ्यात फडफड झाली. त्यांनी वळून पाहिलं. पिस्ता दांडीवरून खाली पडली होती, चोच उघडी होती. त्यांनी गॅस बंद केला, तिला बाहेर काढलं, माठातल्या पाण्याचं बोट चोचीला लावलं. ती तळहातावर अजून गरम होती. मग नुसतीच गरम राहिली.

इमामसाब तिला धरून उभे होते. आता काहीतरी वाटेल, अशी त्यांनी जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. कल्हई पुसायचा कापूस पेटीत होता, त्यात त्यांनी तिला गुंडाळलं आणि चिमाबाईच्या परसात लिंबाखाली पुरलं. उन्हानं गेली असेल, चिमाबाई म्हणाली. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. फोन वाजत राहिला आणि थांबला. मग तो चिमाबाईच्या घरी वाजला. तिनं शमशादला सांगितलं की भाईला जरा कणकण हाय, पेज दिलीय. पाखराचं तिनं सांगितलं नाही. ते बापानं सांगायचं, असं तिला वाटलं.

सकाळी ताप उतरला होता. उरलेले राळे पिशवीत घेऊन इमामसाब पाखरांच्या दुकानात गेले. दुकानदार शिवयोगी त्यांना ओळखत होता. हुस्नाबी त्याच्याकडूनच दाणे नेई. इमामसाबांनी झालं ते सांगितलं, लेकीच्या रोजच्या फोनचंही सांगितलं. शिवयोगीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा, घरात नॉनस्टिक आहे?"

"हाय."

"रिकामा तापला होता?"

शिवयोगीनं हळूच सांगितलं की तो लेप फार तापला की त्यातून निघणारा धूर पाखराला झेपत नाही. माणसाला तापावर निभावतं. खिडक्या बंद असल्या तर पाखराचं मग संपलंच. चुकून होतं, कुणालाही होतं.

मग त्यानं आतला मोठा पिंजरा पुढे ओढला. आत हिरवी पाखरं गर्दी करून बसली होती. त्यातली एक मादी त्यानं बोटानं दाखवली. तोच रंग, कपाळावर तोच पिवळा ठिपका. "ही न्या. फोनवर ताईंना कळायचंसुद्धा नाही."

इमामसाबांनी पाहिलं. खरंच कळलं नसतं. घर राहिलं असतं, भट्टीचा खड्डा राहिला असता, ती भिंत राहिली असती. बराच वेळ ते बघत उभे राहिले. त्यांच्या धंद्यात कथिलात स्वस्तातलं शिसं मिसळणारे होते. पहिल्या दिवशी तेही भांडं तसंच चकाकतं, घरातल्या बाईला काही कळत नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, राळ्यांची पिशवी शिवयोगीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यांना घाल."

संध्याकाळी फोन वाजला. इमामसाबांनी तो पिंजऱ्यासमोर धरला. पिंजऱ्याचं दार उघडं होतं, वाटी धुऊन पालथी घातलेली होती. शमशादला आधी वाटलं असेल, फोनवरच नीट दिसत नाही.

"तवा मी रिकामा तापवला," इमामसाब म्हणाले. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

मग तिनं विचारलं, "खिडकी बंद होती?"

"हौ."

"आणि तुम्ही आतच?"

"हौ."

ती रडत होती. पाखरासाठी की आपल्यासाठी, हे त्यांनी ओळखायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "अतीकला पाठव," ते म्हणाले, आणि खुंटीवरचे कपडे काढायला उठले.

गाडी आली त्या दिवशी चिमाबाई दारात येऊन उभी राहिली. पितळेच्या तिच्या पातेल्याला आता कोण कल्हई करणार, असं ती भांडल्यासारखं विचारत होती. इमामसाबांनी भाता तिच्या पडवीत ठेवायला दिला. म्हणाले, ईदला येईन तेव्हा करून देतो. तवा त्यांनी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून बरोबर घेतला. टाकून देण्यासारखं त्याचं काही बिघडलं नव्हतं. शमशादनं सांगितल्याप्रमाणे सोड्याचं कोमट पाणी घालून ठेवल्यावर तेलाचा थर सुटला आणि अंडं पुन्हा सरकू लागलं, एवढंच ते काम होतं.

टेंभुर्णीला शमशादचं स्वयंपाकघर मोठं आहे. तिच्याकडेही असेच तवे आहेत. सकाळी ती गॅसपाशी येते तेव्हा इमामसाब आधीच उठलेले असतात. ते येतात, खिडकीची कडी काढतात, तिच्या दोन्ही झडपा बाहेर ढकलतात आणि हायवेची धूळ आत आली तरी तिथंच उभे राहतात. तव्यावर तेल पडल्याचा आवाज ऐकला की बाहेर जातात.

त्या घरात पाखरू नाही. शमशादनं त्यांना खिडकी लावा असं कधी म्हटलेलं नाही. ती फक्त रोज तेलाचा थेंब थोडा उंचावरून टाकते, त्यांना ऐकू जावा म्हणून.