दानम्मा अक्काचा आड

आमच्या गल्लीत दानम्मा अक्काइतकी तिखट जीभ दुसरी नव्हती. शेंगदाण्याची चटणी कुटून विकायची आणि गिऱ्हाइकालाही कुटायची. माझं आणि तिचं कधी पटलं नाही. नवरा संगप्पा गेला, दिरांनी शेत दाबलं, हिच्या वाट्याला आलं ते घर आणि न्हाणीमागच्या खोलीतला आड.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कलेक्टर आले, पाट्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. गल्लीतले आड आटले. अक्काच्या आडाला एकटीपुरतं पाणी होतं. कळलं तर गल्ली चार दिवसांत तळ दाखवील, या भीतीनं तिनं खोलीला कुलूप घातलं, आड आटला म्हणून सांगितलं आणि आमच्यासोबत टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहू लागली.

रोज पहाटे तिच्या रहाटाची कुरकुर गल्लीभर ऐकू यायची. कुणी बोललं नाही, अगदी आपसातसुद्धा. एवढंच तर उरलंय बाईचं, असं सगळ्यांनाच वाटत असावं.

अशात तिचा भाचा मन्मथ आला. नांदेडला चित्रकला शिकत होता. सोबत वर्गातली सिंधु. दोघांच्या डोक्यात एक खूळ होतं : घराच्या आत जे असतं ते बाहेरच्या भिंतीवर काढायचं.

"काका, घर कुठं संपतं आन् गल्ली कुठं सुरू होते, ते शोधून राहिलो आमी," मन्मथ म्हणाला.

"उंबऱ्याला संपतं. एवढं शिकायला नांदेडला जावं लागतं व्हय?" मी म्हणालो.

अक्का मात्र खूश झाली. आपली पितळी भांडी सगळ्यांना दिसणार! "जसं हाय तसं काढा," असं बजावून ती देवणीला बारशाला गेली. सिंधु तिच्याच घरी राहिली होती, मन्मथ माझ्याकडे. पोरीनं पहाटे अक्काला पाणी शेंदताना पाहिलं होतं. त्याच्यात लपवण्यासारखं काय, हे नांदेडच्या पोरीला कसं कळणार!

अक्का परतली तेव्हा टँकर आलेला, गल्ली गोळा झालेली. भिंतीवर चूल होती, भांडी होती, मांजर होती. आणि अर्धी भिंत व्यापून आड. काठाशी वाकलेली अक्का, हातात काठोकाठ भरलेली घागर.

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "पूस ते. आधी पूस!" ती सिंधुवर ओरडली. पोरगी घाबरून चुन्याची बादली आणायला धावली.

"अक्का, चूल लई झकास निघाली बघा," समोरच्या घरातला शिवमूर्ती म्हणाला.

"मांजर तर अगदी तुमचीच," शेजारची गंगम्मा म्हणाली. "घागर घ्या की पुढं, तुमचा नंबर हाय."

आडाकडे कुणी बघेचना. एवढा थोरला आड, पण सगळी गल्ली मांजरच बघत उभी! मला हसू आवरेना. अक्का एकेकाचं तोंड निरखत होती.

"कवापासून ठावं हाय तुमाला?"

शेवटी माझी बायको म्हणाली, "रहाट कुरकुरतो की, अक्का. जरा तेल लावा."

"मंग मला रांगेत कशाला उभं राहू दिलं?"

"तुमाला उभं राहायचं होतं म्हणून," गंगम्मा म्हणाली.

अक्का मटकन ओट्यावर बसली. पदर तोंडाला लावून रडली, सगळ्यांदेखत. संगप्पा गेला तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती.

सिंधुनं कुंचला चुन्यात बुडवला. अक्कानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. नाक तेवढं बारीक कर, माझं एवढं न्हाई."

मग उठली. डोळे पुसले, कनवटीची किल्ली काढली आणि नेहमीच्या आवाजात गरजली, "गंगम्मा, तुझी सून बाळंतीण हाय, आधी तू ये. बाकीचे मागनं. आन् चपला बाहेर काढा रे, घर हाय माझं, चावडी न्हाई!"