चिंचेने घासलेलं नाणं

भाच्याने अमेरिकेहून तिथलं दोनशे वर्षांपूर्वीचं तांब्याचं नाणं आणून दिलं. काळपट, झिजलेलं. तांबं म्हटल्यावर माझा हात आपोआप चिंचेकडे गेला. ताम्हनासारखं लख्ख घासून मी ते नाण्यांचे जाणकार असलेल्या शेजारच्या गोखलेकाकांना दाखवायला नेलं.

काकांनी ते खिडकीशी नेऊन भिंगाखाली बराच वेळ न्याहाळलं. नाण्यावरच्या बाईचं नाक सपाट झालं होतं, सालातला शेवटचा आकडा पुसला होता. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"झीज चालते हो, लोकांच्या हातांची असते ती. पण तो काळा रंग या बाईने दोनशे वर्षं जमवला होता. तुम्ही पाच मिनिटांत घालवलात."

"मग आता काय करू?"

"काही करू नका. हवेवर राहू दे. येईल हळूहळू."

मी उगाचच कालच रंगवलेल्या केसांवरून हात फिरवला. किती हौसेने आपण आपल्याच खुणा पुसतो, आणि वर कौतुकाची वाट बघतो.

नाणं आता खिडकीत उघडंच असतं. केसांच्या रंगाचं नवं पाकीट मी आणलेलं नाही. नाण्यावरच्या बाईच्या गालावर सावळी छटा येतेय, माझ्या भांगात पांढरी रेघ. दोघींचं बरं चाललंय.