थेरगावची गारपीट आणि हौसाआत्याचा कोयता

या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते. पांढरी साडी, पिंपळ, मागून आलेली हाक... सगळ्यांना अगदी तेच कसं दिसतं कोण जाणे. माझ्या घराच्या दाराला लिंबू-मिरची मी कधी टांगू दिली नाही. भुतंखेतं, करणी, देवस्की, कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी हे लिहायला बसले आहे, कारण जे घडलं ते भरदिवसा आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. फक्त "आजी, तुम्हाला भास झाला असेल" हे मला कुणी ऐकवू नये. माझ्या कपाळावर अजून खोकेची खूण आहे, आणि भासाने खोक पडत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. आमचे हे तिथे फिटर म्हणून लागले आणि मी गुहागरकडचं घर सोडून, तान्हं मूल कडेवर घेऊन थेरगावात आले. आज डांगे चौकात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाचं थेरगाव म्हणजे नदीकाठची थोडी घरं, मळे, आणि संध्याकाळी सातनंतर मिट्ट काळोख. आम्हाला एका विधवा बाईकडे भाड्याने खोली मिळाली. सगळा गाव तिला हौसाआत्या म्हणायचा. मधे मोठं अंगण, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढं. अंगणाच्या एका बाजूला आमची सुटी खोली, समोरच्या बाजूला तिचं घर आणि घराला लागून म्हशीचा गोठा. मूलबाळ नव्हतं. एक म्हैस होती, तीही गाभण. तिच्या दुधावरच बाईचं सगळं चालायचं.

आमचं पहिल्या महिन्यातच फाटलं. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. खोली देतानाच तिने यांना बजावलं होतं, मासळी चालणार नाही. यांनी मान डोलावली आणि मला सांगितलंच नाही, पुरुषांची नेहमीची तऱ्हा. मी आपली माहेरून आलेली सुकट भाजायला घेतली. वास अंगणात गेला मात्र, बाई तांब्या घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर शेणपाणी शिंपडून गेली, जणू आत कुणी मेलं होतं. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. मराठी सातवी पास होते, त्याचा तोरा होताच. मी दारात उभं राहून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून ती मला नावाने हाक मारेना. "ए कोकनी" एवढंच. आणि मी तिच्याशी बोलायचं झालं तर म्हशीकडे बघून बोलायचे.

त्या वर्षी माघात थंडी उलटून आली होती. त्या दिवशी तर सकाळपासून बोटं वाकत नव्हती. हे पहिल्या शिफ्टला गेले होते आणि वर ओव्हरटाइम होता. दुपारी बाळ झोळीत झोपलं होतं. आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी, आणि तिच्या बरोबर वर जुनी, भेगाळलेली कौलं. मी दारात धान्य निवडत बसले होते, तेवढ्यात अंधारून आलं. ढग काळा नव्हता. हिरवट होता, शेवाळलेल्या पाण्यासारखा. वारा एकाएकी थांबला.

समोरून हौसाआत्या निघाली. हातात कोयता. तरातरा अंगण ओलांडून माझ्या दाराशी आली, कोयता धार वर करून माझ्या उंबऱ्यासमोर टाकला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि माझ्याकडे न बघता परत गेली.

आता मला सांगा, मी काय समजायचं? आमच्या कोकणात गारा कुणाला ठाऊक? पण कुणाच्या दारात काही टाकून, वर पुटपुटून जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. करणीवर माझा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला तरी राग यायचा तो येतोच. आत माझं तान्हं मूल झोपलं होतं. मी तो कोयता उचलला, अंगण ओलांडलं आणि तिच्या पायरीखाली जसाच्या तसा, धार वर करून आपटला.

"घ्या तुमची विद्या परत," मी म्हटलं. "माझ्या दारात असले धंदे चालायचे नाहीत."

ती पडवीत पाठमोरी होती, गोठ्याच्या दाराचा झाप बांधत. कोयता तिने पाहिलाच नाही. "काय वराडतीस गं?" एवढं म्हणाली, आणि त्याच क्षणी पहिली गार पडली.

आधी हरभऱ्याएवढ्या. मग आवळ्याएवढ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा आभाळातून बर्फ पडताना बघत होते, आणि क्षणभर नुसती बघत राहिले. मग लिंबाएवढ्या झाल्या आणि माझ्या खोलीची कौलं फुटू लागली. तो आवाज मी सांगू शकणार नाही. बाळ आत रडायला लागलं.

मी धावले. अंगणाच्या मध्यापर्यंत गेले असेन, कपाळावर असा तडाखा बसला की डोळ्यांपुढे काळंच आलं. गुडघ्यांवर पडले. तोंडात रक्त गेलं. पुन्हा उठले, पुन्हा खांद्यावर, पाठीवर. मागून कुणीतरी माझा अंबाडा धरला आणि मला फरफटत पडवीत आणलं. हौसाआत्याच होती.

"सोडा मला. बाळ आत आहे."

"मेलीस तर त्याला दूध कोन पाजल? थांबंल आत्ता. थांब."

पण थांबत नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... आमच्या डोक्यावर आवाजच नव्हता. पडवीवर, घरावर, गोठ्यावर एक गार पडत नव्हती. आत्याच्या दारातली माती कोरडी होती. अंगणाच्या मधोमध कुणी रेघ ओढावी तसा पलीकडे पांढरा मारा आणि अलीकडे काही नाही. म्हैस निवांत रवंथ करत होती. समोर माझ्या खोलीचं छप्पर डोळ्यांदेखत खाली चाललं होतं, आणि बाळाचा आवाज बारीक होत चालला होता.

आत्यानेही ते पाहिलं. तिने वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि पायरीखालचा कोयता तिला दिसला.

"ह्यो हितं कुनी आनला?"

"मी."

"कशापायी?"

"तुम्ही करणी केलीत म्हणून."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरले नाही. त्यात दया वगैरे काही नव्हती, निव्वळ संताप होता. "करनी?" ती म्हणाली. "गारा आल्या का अंगनात लोखंड टाकत्यात, एवढं बी ठावं न्हाई व्हय तुला? तुज्या खोलीची कौलं जुनी, म्हून तिकडं टाकला. तुज्यासाठी न्हाई. खोली माजी हाय."

बाळाचा आवाज थांबला होता.

आत्या पायरीखाली उतरली. कोयता उचलला आणि हातात धरून उभी राहिली. एकदा गोठ्याकडे बघितलं. म्हशीने मान वळवून तिच्याकडे बघितलं, तिला वाटलं असेल पेंड आणली. मग आत्याने समोरच्या खोलीकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिथे उभ्या उभ्या वाचता येत होतं, आणि मी देवाची नाही, त्या बाईची मनातल्या मनात विनवणी करत होते.

"लेकराशी माजं भांडान न्हाई," ती म्हणाली, आणि तिने कोयता अंगणापार भिरकावला.

तो माझ्या उंबऱ्याशी जाऊन पडला. आणि पलीकडचा आवाज बंद झाला. कमी झाला नाही, बंदच झाला. आमच्या डोक्यावर पडवीची कौलं तडकली. मी धावत सुटले. अंगणातल्या बर्फात दोनदा घसरले, पण अंगावर एक गार पडली नाही. मागे गोठ्यावर जे चाललं होतं ते ऐकू येत होतं, मी वळून बघितलं नाही.

खोलीत पोटरीपर्यंत बर्फ. झोळीत कौलांचे तुकडे आणि गारा, आणि त्यांच्यामधे माझं पोर, ओलंचिंब, ओठ निळे. हातात घेतलं तर दगडासारखं थंड लागलं. श्वास चालू होता, एवढंच.

गारा थांबल्यावर मी त्याला घेऊन आत्याच्याच घरात गेले. दुसरीकडे जाणार कुठे? माझी चूल बर्फाखाली होती. तिने चुलीत तुऱ्हाट्या सारल्या, माझ्या हातातून बाळ काढून घेतलं, ओले कपडे फेकून त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि निखाऱ्यांच्या उबेला मांडीवर घेऊन बसली. राखेची पुरचुंडी करून त्याच्या तळपायांना शेक देत राहिली. पोर पुष्कळ वेळाने रडलं, तेव्हा तिने ते माझ्या पदरात टाकलं, "पाज" म्हणाली, आणि उठून गोठ्यात गेली.

गोठ्याचं आढं म्हशीच्या पाठीवर पडलं होतं. म्हैस पुन्हा उठली नाही.

हे चिंचवडकडून सायकल हातात धरून, बर्फ तुडवत दिवेलागणीला घरी आले. गाव सगळा टोपल्यांनी घरांतून गारा उपसत होता. दुसऱ्या दिवशी उन्हं येईपर्यंत अंगणात ढीग तसेच होते, आणि अशा थंडीची सवय कुणालाच नव्हती. पोतं, गोधडी, मिळेल ते पांघरून माणसं चुलीपाशी बसली होती. आत्या तेवढी गोठ्यात, म्हशीजवळ बसून होती. मी तिला चहा नेला, तिने घेतला नाही.

यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, गारांचा पट्टा असतो, या शेतात पडतात आणि त्या शेतात पडत नाहीत. पट्टा सरकला असेल. पुढे मुलगा शिकला, त्यानेही तेच सांगितलं, आणखी इंग्रजी शब्द घालून. मला मान्य आहे. पट्टा असतो, तो सरकतोही. पण दोन्ही वेळा कोयता जिथे होता तीच बाजू का वाचली, ते मला दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. योगायोग म्हणतात. म्हणोत.

उन्हाळ्यात यांना पिंपळे गुरवला चांगली जागा मिळाली. सामान गाडीत चढवल्यावर मी बाळाला घेऊन आत्याच्या पायरीशी गेले. पाया पडायचं ठरवलं होतं. तिने पाय मागे घेतले.

मी विचारलं, "आत्या, कोयत्याने खरंच गारा अडतात का?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "सासू टाकायची, मी टाकते."

बाळ तिच्याकडे झेपावत होतं. त्या दिवसापासून त्याला तिची ओढ होती. तिने हात पुढे केला नाही.

"ह्याला परत हितं आनू नगं," ती म्हणाली. "ह्याला बघितलं का मला म्हस दिसती."

थेरगाव आमच्यापासून लांब नव्हतं. ती पुढे बरीच वर्षं होती. मी त्याला कधीच नेलं नाही.