घाट उतरताना डॉलरच्या गोष्टी

इस्माईल गेला, हे मला पनवेलच्या नाक्यावर डिझेल भरताना कळलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "चौकातला तुमचा वायसरवाला गेला की ओ!" माझ्या हातातले पैसे हातातच राहिले... आता लोक म्हणतात, त्याच्यावर लिही. काय लिहू, कपाळ? पण लिहितो.

आमची दोस्ती भांडणातून झाली. रुपयाचं मोल पडलेलं, देशाकडे परदेशी चलनाचा खडखडाट, सरकारनं बाहेरच्या मालाला कुलूप ठोकलेलं. माझा ट्रक विलायती. त्याच्या ब्रेकच्या सिलिंडरमधलं एवढंसं रबरी वायसर, पण ते फाटलं की गाडी थांबत नाही. तेच बाजारातून गायब झालं. इस्माईलच्या गॅरेजसमोर उभा राहून मी सरकारच्या नावानं शंख करत होतो, तर हा म्हणतो कसा, "वरडून डॉलर येनार हायेत का रं? मी बनवतो."

"आणि घाटात माझा जीव गेला तर?"

"मी बसतो ना शेजारी."

कितीतरी वायसरं त्यानं ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पाहिली; फुगली, फेकून दिली. अखेर एक टिकलं. पुण्याहून गुळाच्या ढेपा भरून आम्ही खंडाळ्याचा घाट उतरायला लागलो. माझ्या तळहातांना घाम, आणि या बाबाचं व्याख्यान सुरू! आपण चहा विकतो, ताग विकतो. आणतो यंत्रं, तेल, धान्य. जातं जास्त, येतं कमी, मग तूट नाय येनार तर काय... एका वळणावर ब्रेकचं पॅडल सरळ खाली गेलं. समोर दरी. "सोड, परत दाब," तो म्हणाला, "तर काय सांगत व्हतो, निर्यात वाढली पायजे." दुसऱ्या दाबाला ब्रेक लागला. "गप बस की मेल्या!" मी ओरडलो. छे! खोपोली येईपर्यंत तोंड चालूच. खाली उतरून पाहिलं तर पाइपात हवा राहिली होती. वायसर शाबूत होतं.

मग काय, लांबलांबून ट्रक यायला लागले. प्रत्येक गाडीच्या पहिल्या उतरणीला हा केबिनमध्ये हजर. मी म्हणायचो, सरकारला म्हणावं, बंदी उठव. तो म्हणायचा, बंदीनं इथल्या हातांना काम दिलं. वर्षानुवर्षं वाद! हल्ली आयात सैल झाली, जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, सुटे भाग खोक्यांनी मिळू लागले, तसं त्याचं गॅरेज ओस पडलं. मलाच राग आला. तो म्हणाला, "दार कदीतरी उघडनारच व्हतं. तवर आमी शिकलो." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

परवा इस्माईलच्या घरी भाबींना भेटायला गेलो. म्हटलं, "आता देशाची तूट मला कोण समजावणार?"

"कसली तूट?" त्या गोंधळल्या. "घरात तर डॉलरचं नाव नाय काढलं कदी."

मी घाटातल्या गप्पा सांगितल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्यांना घाटाची लय भीती. जायच्या आदल्या दिवशी जेवन जायचं नाय. मी म्हनायची, नका जाऊ. तर म्हनायचे, वायसर मी बनवलेलं, दुसऱ्याला एकट्याला कसा पाठवू? बोलत ऱ्हायलो म्हंजे किंकाळी फुटत नाय."

मी तिथंच लहान पोरासारखा रडलो. इतकी वर्षं वाटायचं, केबिनमध्ये भ्यालेला मी एकटाच. माझ्या शेजारी तोही तितकाच थरथरत होता, आणि मी त्याला गप बस म्हणत होतो.